दोन शिंगांचं काळं फळ

"हे जाळून टाक," कमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल टेबलावरून अशी ढकलली, की ती समोर बसलेल्या आचलच्या मांडीवर जाऊन पडली.

आचल सावली तालुक्यातल्या बोरटोलीची. ढिवराची पोर. तिच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात जाळी टाकली, शिंगाडे लावले, आणि ही चंद्रपुरात येऊन एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचली. प्रबंधासाठी तिने विषय घेतला होता तो असा : तिच्या गावच्या तलावात राहणाऱ्या बाईची गोष्ट आणि आयर्लंडमधली तळ्यातल्या बाईची प्राचीन गोष्ट मुळात एकच आहे. विभागप्रमुख प्रफुल सर तर हर्षाने वेडेच झाले होते. त्यांनी वर्तमानपत्रात बातमीही देऊन टाकली. मग कोणीतरी शंका काढली की आयर्लंडचं कोण तपासणार? जिल्ह्यात असं माणूस एकच होतं. कमला सोमाजी खोब्रागडे, निवृत्त, इंग्रजी विभाग. भर तारुण्यात हैदराबादला जाऊन ह्या बाईने जुन्या आयरिश कथांवर डॉक्टरेट केली होती, तेव्हा सगळा चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, हसला होता.

कमलाबाईंची सही झाली तर प्रबंध पुढे जाणार होता. नाही झाली तर आचलचं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलेल्या पोरीला तिच्या घरी पुन्हा शिकवत नसत. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातलं एक स्थळ तिच्या वडिलांनी पाहूनही ठेवलं होतं.

"जाळू?" आचल म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण नजर खाली गेली नाही. "मॅडम, काय चुकलं तेवढं सांगा."

"काय चुकलं? संदर्भ वाच तुझे. पहिला, गोड गोड लिहिलेलं मुलांचं पुस्तक. दुसरा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसाने जुन्या कथांना शेंदूर लावून मांडलेला संग्रह. आणि तिसरा, ज्यावर तुझा सगळा डोलारा उभा आहे, ते हे हिरवं संकेतस्थळ. कोपऱ्यात वीणा, मागे धुकं. 'आमच्या प्राचीन ड्रुइडांची कथा.' ड्रुइडांनी, त्या जुन्या पुरोहितांनी, एक ओळ तरी लिहून ठेवली आहे का? त्या कथा लिहिल्या मठातल्या ख्रिस्ती साधूंनी, जुने देव मागे पडल्यावर कित्येक शतकांनी. हाताशी असलेल्या जुन्यातल्या जुन्या पोथ्या बाराव्या शतकाच्या आसपासच्या. भाषा त्याहून जुनी, ती कशी ओळखायची त्याचं शास्त्र आहे. मूळ मजकूर डाव्या पानावर आणि भाषांतर उजव्या, अशा आवृत्त्या आहेत. विद्यापीठांनी त्या फुकट वाचायला ठेवल्यात. त्यातली एक तरी उघडलीस?"

"उघडल्या, मॅडम. त्यात ही गोष्ट नाही."

"नाही ना? मग?"

"मला वाटलं, राहून गेली असंल. मॅडम, त्या गोष्टीतला माणूस घंटा लावलेली काठी घेऊन तळ्याभोवती फिरते. अन् जुने आयरिश कवी घंटांची फांदी घेऊन फिरत, हे तुमच्याच प्रबंधात आहे."

ते खरं होतं. कवीच्या हातची घंटांची फांदी खऱ्या पोथ्यांत होती. बाईने घातलेली अटही ओळखीची वाटावी अशी होती : चार लोकांत माझं नाव घेऊ नकोस. नवरा फुशारकीत नाव घेतो, आणि ती निघून जाते. अशा अटी घालणाऱ्या बाया त्या पोथ्यांत होत्या. पण लगेच पुढे गोष्टीत असं होतं, की जाताना ती उंबऱ्यावर लेकरासाठी दोन शिंगांचं काळं फळ ठेवते, आणि खाली तळटीप होती की हे रात्रीचं व चंद्रकोरीचं प्रतीक आहे.

"चंद्रकोर!" कमलाबाईंनी ओठ वाकडे केले. "घंटा जुळली म्हणून गोष्ट जुनी होत नाही. आणि कागद जुना म्हणूनही गोष्ट जुनी होत नाही. आधी लिहिलेली ती आधी सांगितलेली असेलच असं नाही. हे पाटीवर लिहून ठेव."

त्यांनी फाइल परत ओढून घेतली आणि बोरटोलीच्या गोष्टीचं पान काढलं. आचलने ती आपल्या आजीकडून, बायनाबाईकडून ऐकून उतरवली होती. कमलाबाईंनी तांबड्या पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली.

"इथे ती बाई पाण्यात परत का गेली?"

"नवऱ्याने तलावाच्या पाळीवर, बांधावर, चार लोकांत तिचं नाव घेतलं म्हणून."

"एवढंच?"

आचल त्या तांबड्या रेघेकडे पाहू लागली.

"मी त्या गावची आहे, पोरी. ती ओळ मला पाठ आहे. खालच्या टोल्यातल्या, आमच्या वस्तीतल्या माणसाची सावली पाण्यावर पडली, म्हणून बाई विटाळली आणि गेली. ती कुठे आहे?"

"मी काढली," आचल म्हणाली.

"काऊन?" रागावल्या की कमलाबाईंच्या तोंडून चंद्रपूरची मॅडम जाई आणि बोरटोली येई.

"तुम्हाले वाईट वाटंल म्हणून."

"वाईट! ती ओळ ऐकून ऐकून मी लहानाची मोठी झाली. ती ओळ म्हणत तुमच्या लोकांनी आमच्या हातातली मडकी फोडली. आणि तू ती पुसून टाकतेस? मठातल्या साधूंनी हेच केलं. देवी नको, बाई बरी. हे नको, ते बरं. गेली सारी हयात मी त्यांनी काय पुसलं ते शोधण्यात घालवली, आणि माझ्याच डोळ्यांसमोर तू बोळा घेऊन बसलीस! मूळ साफ करायचं नसतं. घाण असेल तर घाणीसकट ठेवायचं."

आचलचे डोळे भरले, पण ते रडं नव्हतं. "तुम्ही आयरिश पोथ्या शोधत नाई आहात, मॅडम. तुम्हाले माह्या आजीची गोष्ट खोटी पाहिजे," ती म्हणाली. फाइल न घेताच ती निघून गेली.

संध्याकाळी प्रफुल सरांचा फोन आला.

"जय भीम, मॅडम. पोरगी रडत आली होती."

"रडली नाही ती. माझ्याशी भांडली. तुझ्यापेक्षा बरी आहे."

"मॅडम, बातमी छापून आलीय. कुलगुरूंनी अभिनंदन केलंय."

"मग कुलगुरूंची सही घे."

"असं नका करू. मी तुमचा विद्यार्थी. संकेतस्थळ थोडं कच्चं आहे, मान्य. पण कोण तपासायला बसलंय?"

"मी बसलेय."

प्रफुलचा आवाज बदलला. "स्पष्ट बोलू? त्या गावाचा तुम्हाला राग आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तो त्या पोरीवर काढू नका."

कमलाबाईंनी फोन ठेवून दिला. रात्रीचं जेवण त्यांनी तसंच झाकून ठेवलं. बोचलं होतं, कारण निम्मं खरं होतं.

त्यांचे वडील सोमाजी बोरटोलीचे कोतवाल होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. रात्री गावाभोवती आणि तलावाच्या पाळीवरून गस्त घालायची, दवंडी द्यायची, मेलेली गुरं ओढायची. हातात घुंगुरकाठी. छप्पनच्या ऑक्टोबरात चांद्याला जाऊन सोमाजींनी दीक्षा घेतली आणि परत आल्यावर देव्हारा, देव, कोतवालकी, सगळं सोडलं. देव टोपलीत घालून तलावात सोडले, आणि सगळ्यांत शेवटी ती काठी फेकली. कमला तेव्हा खांद्यावर बसून पाहत होती. काठी बुडताना घुंगरांचा आवाज कसा एकदम तुटला, ते त्यांना अजून ऐकू येई. त्यानंतर गावाने त्यांचं पाणी तोडलं. पुढे सोमाजींनी पोरीला मिशनच्या शाळेत घातलं. तिथे सिस्टर नोरा होती, आयर्लंडची, तांबड्या गालांची, नुसती हाडं. दवाखाना तीच चालवायची आणि संध्याकाळी वसतिगृहातल्या पोरींना आपल्या देशाच्या गोष्टी सांगायची. घासलेटच्या दिव्याचा वास, ओल्या स्वेटरचा वास, आणि सिस्टरचं मोडकं मराठी : "आमच्या देशात पाण्यात बाया राहते." कमलाबाईंनी पुढे जो विषय घेतला, तो तिथून आला.

झाकलेल्या ताटासमोर बसल्या बसल्या त्यांना उत्तर सापडलं, आणि ते सापडताच त्यांना फार बरं वाटलं. सिस्टर नोराने दवाखान्यात येणाऱ्या बायांना गोष्ट सांगितली असणार. बोरटोलीच्या ढिवरणींनी ती घरी नेली, आपल्या तलावाला चिकटवली आणि वर सावलीची ओळ जोडली. ज्या तलावातल्या बाईच्या नावाने आम्हाला दगड मारले, ती बाई उसनी! परदेशी! हे छापून आलं पाहिजे, त्यांनी मनाशी म्हटलं.

सकाळीच त्यांनी आचलला निरोप धाडला आणि दोघी एसटीने बोरटोलीला गेल्या.

बायनाबाई तलावाच्या पाळीवर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत वाक, समोर उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग आणि हातात विळा. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तलाव शिंगाड्याच्या वेलांनी निम्मा झाकला होता.

"कोण वो?"

"सोमाजी कोतवालाची कमला."

म्हातारीने मान वर केली नाही. "खालच्या टोल्याची. तिकडं बस, उन्हात. बरं राह्यते."

कमलाबाई मुद्दाम तिच्या ढिगाला टेकून बसल्या. "बायनाबाई, तलावातल्या बाईची गोष्ट तुम्ही कोणाकडून ऐकली?"

"सासूकडून. तिनं तिच्या सासूकडून. तुयासारखी पुस्तकातून नाई."

"दवाखान्यातल्या गोऱ्या सिस्टरकडून नाही?"

विळा थांबला. "कोण, नोराबाई? तिच्या दवाखान्यात मी पाय नाई ठेवला. मायी सासू म्हणे, तिथं गेलं की बाटवते. आमच्या घरचं कोणी गेलं नाई. माये दोन पोरं तापानं मेले, तरी नाई गेली." तिने शिंगाडा फोडला. "तुया बाप जाय. पायाले कुऱ्हाड लागली होती त्याच्या. पावसाळाभर जाय. पट्टी झाली तरी पायरीवर बसून राहे अन् त्या गोरीसंगं बोले. गावात कोणासंगं तोंड उघडत नोयता, तिच्यासंगं पोपटासारखा बोले."

"खोटं."

"खोटं? जाय मंग, विचार त्याले."

सोमाजींना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. "तुमची गोष्ट आम्हाला पाण्यावरून हाकलायला केलेली आहे. तुमची नाहीच ती, मी सिद्ध करीन."

"हाकलत होतोच," बायनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात ना लाज होती ना जोर. आज बाजार कसा भरला, हे सांगावं तसं ती बोलली. "मायी सासू हाकले, मी बी हाकललं. तुले दगड मारला होता मी. पाठीत. आठवते?"

"आठवते."

"मंग झालं. आता टोल्याटोल्यात नळ आला. आता कोण येते तलावावर? तूच आली, तेबी भांडाले."

आचल मधे पडली. "आजी, चूप राय ना!"

"मी काऊन चूप राहू? माया तलाव, माया शिंगाडा. हिनंच चूप राहावं."

परतीच्या गाडीत कमलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. रुमाल काढायला पिशवीत हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. आचलने गुपचूप पिशवीत उकडलेले शिंगाडे टाकले होते. त्यांनी एक बाहेर काढला. वरून काळा, दोन्ही बाजूंना काटेरी शिंगं. दाताने फोडला. आतून पांढरा.

त्या तो हातात धरूनच राहिल्या. खिडकीबाहेर सावली गाव मागे गेलं, मूल गाव मागे गेलं.

"आचल," शेवटी त्या म्हणाल्या, "त्या हिरव्या संकेतस्थळावर फळ कसं लिहिलंय?"

"काळं, दोन शिंगांचं. आत पांढरं. पाण्यात होणारं." आचलने त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "मॅडम, तिकडं शिंगाडा होते का?"

"माझ्या माहितीतल्या एकाही पोथीत नाही." कमलाबाई म्हणाल्या. चंद्रकोर! शिंगाडा तो शिंगाडा, सगळ्या झाडीपट्टीतल्या लेकरांनी खाल्लेला, आणि आपण विद्वान बाई तळटिपेला हसत बसलो. मग घंटांची काठी? ती कवीची फांदी नव्हेच. काठीच होती. तळ्याभोवती रात्री फिरणारा, काठीला घुंगरं बांधलेला माणूस आयर्लंडमध्ये शोधायला आपण निघालो, आणि तो आपल्याच घरात...

पुढचा विचार त्यांनी केला नाही. गोष्ट इथून तिकडे गेली होती, एवढं दिसत होतं. कोणी नेली, ते कागदावर पाहिल्याशिवाय त्या मानणार नव्हत्या.

संकेतस्थळवाल्याला त्यांनी पत्र टाकलं. उलट उत्तर आलं की ही लोककथा आहे, लोककथेला धनी नसतो, आणि बाईंनी आपल्या देशाच्या कथा पाहाव्यात. एवढंच कबूल केलं, की मजकूर एका जुन्या चर्चच्या मासिकातून घेतला. मग त्यांनी त्या मासिकासाठी सिस्टर नोराच्या आयर्लंडमधल्या मठाच्या ग्रंथालयाला लिहिलं. इकडे प्रफुलचे फोन सुरूच होते. महिनाअखेर सही हवी, नाहीतर पोरीचा निकाल थांबेल, मी हात वर करीन, तुम्ही जाणा.

आठवड्याने ग्रंथालयातून उत्तर आलं. मासिकाच्या पानांचे फोटो होते. गोष्ट शब्दाशब्दाने तीच. संकेतस्थळवाल्याने फक्त वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद कापला होता. वरच्यात लिहिलं होतं, की ही गोष्ट भारताच्या मध्यावरच्या, भाताच्या आणि जंगलांच्या मुलखातली आहे. खालच्यात असं :

'मला ही गोष्ट सोमाजीने सांगितली, त्याच्या पायाची जखम मी बांधत असताना. पूर्वी तो गावचा राखणदार होता. त्याच्या वाडवडिलांत ही गोष्ट आपल्याच एका पूर्वजाची म्हणून सांगत. आता तो देव मानत नाही. तो म्हणाला, सिस्टर, हे कोणाला तरी सांगून टाकलं म्हणजे माझ्या डोक्यातून जाईल. माझ्या मुलीला मी सांगणार नाही. तिच्या डोक्यात हे ओझं नको. तुम्हीही तिला सांगू नका.'

कमलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सिस्टर नोराने शब्द पाळला होता. वसतिगृहात सगळ्या गोष्टी सांगितल्या, ही नाही. त्यांना सिस्टरचा राग आला, बापाचा त्याहून जास्त. परक्या बाईला सांगितलं! मला परदेशच्या पोथ्यांत आयुष्य घालवू दिलं, आणि आपली गोष्ट तलावाच्या काठी टाकून गेला! मला तर फक्त सावलीची ओळ मिळाली, ती दगडासकट.

सोमाजींच्या सांगण्यात सावलीची ओळ नव्हतीच.

आचल आली तेव्हा कमलाबाई तयार होऊन बसल्या होत्या. त्यांनी पानं तिच्यासमोर टाकली. "वाच. तुझा प्रबंध मेला. आयर्लंड वगैरे काही नाही, आपल्याच तलावाचं पाणी तिकडून फिरून आलं. आता नवं लिही. मूळ गोष्ट कोतवालाची. नवरा ढिवर नव्हे, राखणदार. ढिवरांनी ती नंतर घेतली, माणूस बदलला आणि सावलीची ओळ घुसडली. लगेच सही करते."

आचलने पानं वाचली. शेवटचा परिच्छेद तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "मी असं नाई लिहिणार."

"काय?"

"तुम्हीच म्हणाल्या, कागद जुना म्हणून गोष्ट जुनी होत नाई. आधी लिहिलेली ती आधी सांगितलेली असंलच असं नाई. तुमच्या बाबांनी सांगितलेली कागदावर आली, माह्या आजीच्या सासूची नाई आली, कारण ती दवाखान्यात गेली नाई. येवढंच कागद सांगते. सावलीची ओळ आधी होती अन् तुमच्या बाबांनी पुसली, असंबी असू शकते. मी पुसली होती तशी."

"माझा बाप खोटं—"

"आयरिश साधूंले एक नियम अन् तुमच्या बाबांले दुसरा, मॅडम?"

कमलाबाई उठून उभ्या राहिल्या. "निघ," त्या म्हणाल्या. "चालती हो माझ्या घरातून."

आचल पिशवी उचलून दारापर्यंत गेली. आपलं वर्ष गेलं, हे तिला कळलं होतं. तरी तिने मागे वळून माफी मागितली नाही. पायात चपला घालू लागली.

ते पाहून कमलाबाईंना आपलं हैदराबाद आठवलं. तिथल्या एका प्राध्यापकासमोर आपण अशाच चपला घातल्या होत्या, पोथीच्या काळावरून भांडून. आणि तरी तो माणूस आपल्या डॉक्टरेटच्या आडवा आला नव्हता.

"बोरटोलीची पहिली गाडी किती वाजता?" त्यांनी विचारलं. आवाजात गोडवा बिलकूल नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाळीवर बायनाबाई तशीच बसली होती. आचलने मोबाइल मधे ठेवला आणि आवाज टिपायला सुरुवात केली.

"आधी नाव, गाव, कोणाकडून ऐकली," कमलाबाई खेकसल्या. "किती वेळा सांगायचं?"

"बायनाबाई. बोरटोली. सासूकडून," म्हातारी म्हणाली. तिने गोष्ट सांगितली. नवरा ढिवर, डोंग्याच्या काठावर वल्हं आपटे, त्या आवाजाने बाई वर येई. सावलीच्या ओळीशी पोचल्यावर तिने कमलाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती ओळ जशीच्या तशी, एकही शब्द न गिळता म्हटली. आचलचा हात मोबाइलकडे गेला. कमलाबाईंनी तो धरला.

"ठेव. सगळं ठेव."

मग त्या स्वतः सांगू लागल्या. "सांगणारी कमला. बोरटोली. वडिलांकडून ऐकली नाही. सिस्टर नोराने सोमाजींकडून ऐकून लिहिलेली वाचली." सुरुवात पुस्तकी झाली, पण तलाव समोर होता. बाई पाळीवर येईस्तोवर त्यांच्या तोंडी 'त्याले' आणि 'कुठी' आलं. कोतवाल रातच्याला पाळीवरून जाय, काठीचे घुंगरू वाजे, अन् पाण्यातून ते बाई आयके...

"खोटं!" बायनाबाई ओरडली. "कोतवालाले कोण देईन तलावातली बाई? ढिवराची होती ते. हिच्या बापानं चोरली. लिही आचल, हे बाई खोटं सांगून राह्यली."

"लिही," कमलाबाई म्हणाल्या. "तेही लिही. कोण म्हणालं, कधी म्हणालं, सगळं."

त्यांनी गोष्ट शेवटापर्यंत नेली. उंबऱ्यावरच्या शिंगाड्यापर्यंत. बायनाबाईच्या गोष्टीतही शिंगाडा होता, तेवढ्यावरून भांडण झालं नाही. म्हातारी विळा हातात घेऊन पाण्याकडे पाहत बसली.

"घुंगरू व्हते, हे खरं," ती अचानक बोलली. "आमी लाहान लाहान होतो तं रातच्याला आयकू ये. झोप लागे त्यानं. मंग एका सालापासून बंद झालं." तिने एक थुंकी पाळीखाली टाकली. "पण बाई ढिवराचीच."

प्रफुलचा फोन वाजत होता. कमलाबाईंनी तो उचलला. "प्रफुल, बातमी दुरुस्त करून घे. आयर्लंडचं नातं नाही. गोष्ट इथून गेली, आणि इथे ती दोन तोंडांनी वेगवेगळी सांगतात. प्रबंध त्यावर होईल, आणि सही मी करतेय. कुलगुरूंना काय सांगायचं ते तू बघ." पलीकडून आरडाओरडा सुरू झाला तेव्हा त्यांनी फोन बंद केला.

आचलने सहीचा कागद पुढे केला. कमलाबाईंनी तो गुडघ्यावर ठेवला, पण पेन टेकवण्याआधी विचारलं, "सावलीची ओळ?"

"ठेवली."

"आणि माझ्या बापाला चोर म्हटलेलं?"

"तेबी."

"कापशील तर याद राख," म्हणून त्यांनी सही केली. बोटांना शिंगाड्याचा काळा रंग लागला होता, तो कागदाच्या कडेला उमटला. बायनाबाईने ते पाहिलं आणि ढिगातले शिंगाडे आपल्या बाजूला ओढून घेतले.

"हात धू तिकडं, तुडुमापाशी, पाणी बाहीर जाते तिथं," ती गुरगुरली. "पाणी खराब नोको करू."

कमलाबाई उठल्या. जिथे बायनाबाई बसली होती तिथेच, तिच्या अगदी पुढ्यात, पाळीच्या पायऱ्या उतरून त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले. मागे म्हातारी आचलला ओरडून सांगत होती की हेबी लिही, पाय, पाय, बरोब्बर इथीच उतरली, हेबी लिही.